गौरीपुढे मांडलेला पंप

मित्रांनो, मी एक जुना पितळी हातपंप आहे. उंचीला तुमच्या कमरेइतका, वजनाला बेताचा आणि बोलायला थोडा फटकळ. माझा एक पाय बादलीत असतो आणि दुसरा बादलीबाहेर. बाहेरच्या पायावर माणसाने आपला पाय दाबून धरायचा, मूठ वरखाली करायची, की माझ्या रबरी नळीतून पाण्याची धार वीस हात लांब जाते. एकाने मूठ हलवायची, दुसऱ्याने नळी धरायची, तिसऱ्याने पाणी आणून ओतत राहायचं. तीन माणसं जमली नाहीत तर मी नुसतं भांडं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे पुष्कळांनी सगळं श्रेय मला दिलं आणि मीही ते मुकाट्याने घेतलं.

माझा जन्म लढाईच्या काळातला. विमानं येतील, बॉम्ब पडतील, घरं पेटतील, म्हणून माझ्यासारखे शेकडो पंप घडवले गेले. मी हैदराबादेत आलो. इथे ना विमान आलं ना बॉम्ब. मी चार वर्षं एका कोठीत उभा राहिलो आणि कोळ्यांनी माझ्या तोंडात संसार थाटला. लढाई संपल्यावर कुणीतरी मला बंबखान्यात देऊन टाकलं. मला त्याचं सुखही नव्हतं आणि दुःखही नव्हतं. पितळेला कसली घाई असते?

बंबखान्यात नामदेवराव जमादार होते आणि त्यांचा धाकटा भाऊ हिम्मतराव शिपाई होता. दोघे परभणीकडच्या शेतकरी घरातले. नामदेवराव कमी बोलत. हिम्मतराव त्यांच्या वाटचंही बोलून घ्यायचा. आगीच्या वर्दीला मोठा बंब निघाला की मला त्याच्या कडेला टांगत. अरुंद गल्लीत बंब शिरला नाही, तर माझी पाळी येई.

सन अठ्ठेचाळीसचा उन्हाळा. देशाला स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ महिने झाले होते, पण हैदराबादचं घोडं मध्येच अडलं होतं. शहरात रोज नवी अफवा. खाकी कपडा दारात दिसला की लोक आधी कडी लावत आणि मग विचार करत. त्यातच रॉकेल शिधापत्रिकेवर मिळे. ठरल्यापेक्षा जास्त घरात सापडलं तर जप्ती आणि चौकशी. म्हणून लोक ते दडवून ठेवत. कुणी लाकडाच्या खोलीत, कुणी गोधड्यांखाली, कुणी देवघराच्या मागे.

अशात जामबागेत भगवंतरावांच्या घराला आग लागली. भगवंतराव कोर्टात मुन्शी होते. आम्ही पोचलो तेव्हा ते रस्त्यावर उभे होते. हिम्मतरावने आत शिरण्यापूर्वी नेहमीचा प्रश्न विचारला, "आत तेलबिल काही आहे का, साहेब?"

भगवंतरावांनी त्याच्या खाकी सदऱ्याकडे पाहिलं. म्हणाले, "छे हो! देवापुढे लावायलासुद्धा तेल नाही घरात."

हिम्मतराव लाकडाच्या खोलीत गेला. तिथे पोत्यांखाली रॉकेलचे चार डबे होते.

तो जगला. पण दोन्ही हातांची बोटं एकमेकांना चिकटून वाकडी झाली. पुढे त्याला पाण्याचा पेलाही धरता येईना. भगवंतराव मोसंबी घेऊन इस्पितळात आले, दारात तासभर उभे राहिले आणि आत न जाताच परत गेले. ते वाईट नव्हते. घाबरले होते, इतकंच. घाबरलेल्या माणसाच्या एका शब्दावर दुसरा माणूस आगीत शिरतो, हे मला त्या दिवशी कळलं. तोवर मी समजत होतो की पाणी पुरेसं असलं की झालं.

नामदेवरावांनी मनावर घेतलं. सुट्टीच्या दिवशी मला खांद्यावर टाकून ते नल्लकुंट्यात, जिथे ते भाड्याने राहत, तिथल्या गल्लीत घरोघर जाऊ लागले. आग लागली तर काय करायचं ते दाखवायचं आणि घरात विहीर कुठे, तेल कुठे, म्हातारं माणूस कुठे निजतं ते विचारून ठेवायचं, असा बेत होता. चांगला बेत होता. पण अंगावर खाकी होती ना! पहिल्या घरी दाराला आतून अडसर पडला. दुसऱ्या घरी, "आमच्याकडे आग लागत नाही," असं उत्तर मिळालं. तिसऱ्या घरी आतून एक जाड पुरुषी आवाज आला, "घरात पुरुषमाणूस नाही, नंतर या!"

"हात्तिच्या!" एवढंच नामदेवराव म्हणाले आणि मला घेऊन घरी परतले.

भाद्रपदात फौज आली आणि संस्थान हिंदुस्थानात सामील झालं. वरचं राज्य बदललं. रॉकेलची टंचाई मात्र तशीच राहिली आणि दाराच्या कड्याही तशाच राहिल्या.

मग चैत्र आला. गल्लीतल्या इंदुताईंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. इंदुताईंचे यजमान एकनाथराव पुरवठा खात्यात कारकून होते. लोकांच्या घरात किती धान्य, किती रॉकेल, हे तपासणारं ते खातं. नामदेवरावांची बायको सत्यवती हिलाही बोलावणं होतं. सत्यवतीने सकाळी मला चिंचेने असं काही घासलं की माझं मलाच ओळखू येईना. "तुम्हाला कड्या लावतात," ती नवऱ्याला म्हणाली, "मला तर हाताला धरून आत नेतील की!"

तशीच ती मला काखेत मारून हळदीकुंकवाला गेली. बायकांनी एकच कल्ला केला.

"अगं बाई! हे काय आणलंस? म्हैस पिळायचं यंत्र?"

"यानं आग विझते, वैनी."

"खरंच? मग आमच्या सासूबाईंच्या समोर ठेव बरं आधी!"

हसूनहसून पुरेवाट झाली. इंदुताईंनी मात्र मला उचललं आणि गौरीच्या आरासीत लाकडी हत्ती आणि कलिंगडाच्या मध्ये मांडलं. वर कुंकवाचं बोट लावलं. बंबखान्यातल्या सगळ्या सामानात हळदीकुंकू लागलेला मी एकटाच. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

आंब्याची डाळ आणि पन्हं झाल्यावर सत्यवतीने मला अंगणात आणलं. पदर खोचून बायकांनी पाळीपाळीने मूठ हलवली. एकीने धार नेमकी वाळत घातलेल्या पापडांवर मारली. इंदुताईंचा नेम मात्र चांगला होता, आणि पाणी भरणारी गंगू तर बादली रिकामी होऊच देत नव्हती. मग सगळ्या दमून ओसरीवर बसल्या तेव्हा सत्यवती म्हणाली, "माझ्या दिराला मी रोज हाताने घास भरवते. एकतीस वर्षांचा आहे. एवढं सगळं चार डबे लपवले म्हणून झालं. मी कुणाला नावं ठेवत नाही. पण उद्या माझा नवरा तुमच्या घरात शिरेल, तेव्हा त्याला ठाऊक असू द्या, आत काय आहे ते."

मग शेजारच्या मास्तरांच्या बायकोने सुरुवात केली, "आमची विहीर ओसरीला लागूनच आहे गं. कठडा नाही तिला." दुसरी म्हणाली, "आमची आजेसासू माडीवर, उजव्या खोलीत. तिला ऐकू येत नाही." आणि मग हळूच, "रॉकेल न्हाणीघरात आहे. दोन डबे. कुणाला सांगू नकोस हं."

"बंबखान्याच्या बाहेर जाणार नाही. गौरीची शपथ."

सत्यवतीला लिहिता येत नव्हतं. तिने सगळं ध्यानात ठेवलं आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. नामदेवरावांनी ते आपल्या माणसांकडून पाढ्यासारखं पाठ करून घेतलं. त्याच वर्षी पावसाळ्याआधी मास्तरांची ओसरी पेटली. धुराने डोळ्यांपुढचं काही दिसत नव्हतं. पण आमची माणसं भिंत धरून चालली आणि एकही जण विहिरीत पडला नाही. ही बातमी नल्लकुंट्याबाहेरही गेली. पलीकडच्या गल्ल्यांतून सत्यवतीला बोलावणी येऊ लागली, माझ्यासकट. एका घरी तर आधी माझी ओटी भरली. मी काय बोलणार?

त्या हळदीकुंकवाच्या दिवशी एकटी इंदुताई मात्र म्हणाली होती, "आमच्याकडे तसलं काही नाही बाई. यांची नोकरी कुठली ते ठाऊकच आहे तुम्हाला." सत्यवतीने विश्वास ठेवला. मीही ठेवला. माझा मुक्काम तेव्हापासून इंदुताईंच्याच ओसरीवर होता, कारण गल्लीत नेम तिचाच चांगला. कोठीतल्या धान्याच्या कणगीमागे मला ओसरीवरून दिसत नव्हतं.

पन्नासच्या उन्हाळ्यात, सुट्टीच्या एका दुपारी, इंदुताईंच्या मागच्या पडवीत चुलीची ठिणगी गोवऱ्यांवर पडली. इंदुताईने ओरडण्यात वेळ घालवला नाही. मला बादलीत उभं केलं. शेजारच्या मास्तरांच्या बायकोने मूठ धरली, गंगू पाणी ओतत राहिली आणि इंदुताईने नळी धरली. आयुष्यात पहिल्यांदा मी तीन बायकांच्या हातून खरी आग रोखली. विझवली नाही, रोखली. ती पडवीतून घरभर पसरली नाही, पण कोठीच्या छपराला लागली. तेवढ्यात नामदेवराव माणसं घेऊन आले.

दारात गर्दी होती. एकनाथरावांचे वरिष्ठ साहेब त्याच गल्लीत राहत. तेही बनियनवरच बाहेर येऊन उभे होते.

नामदेवरावांनी डोक्याला ओलं पोतं गुंडाळलं आणि विचारलं, "कोठीत काय आहे, एकनाथराव?"

एकनाथरावांनी साहेबांकडे पाहिलं. म्हणाले, "धान्य. नुसतं धान्य आहे."

नामदेवराव वळले. दोन पावलं पुढे गेले.

"थांबा!" इंदुताई ओरडली. तोंड काजळीने काळं, पदर भिजलेला, हातात अजून माझी नळी. "खोटं आहे ते. कणगीमागे रॉकेलचे पाच डबे आहेत. नणंदेच्या लग्नातल्या बत्त्यांसाठी ठेवलेले. पुढून जाऊ नका, जमादारसाहेब. मागच्या खिडकीने जा, डबे तिथेच हाताला लागतील."

सगळी गल्ली ऐकत होती. साहेब ऐकत होते.

नामदेवराव मागे गेले. खिडकीचे गज उपटले, पाचही डबे एकेक करून बाहेर काढले, आणि मगच छपरावर पाणी मारलं. तासाभरात सगळं संपलं. आत तिघे गेले होते, तिघेही आपल्या पायांनी बाहेर आले. सत्यवतीने इंदुताईला मिठी मारली आणि दोघी रडल्या. मला रडता येत नाही, पण नळीतून पाणी गळत होतं, ते मी थांबवलं नाही.

इथे गोष्ट संपवली असती तर तुम्हाला बरं वाटलं असतं. पण खरं ते सांगायला हवं. डबे जप्त झाले. साहेबांनी चौकशी लावली आणि एकनाथरावांची नोकरी गेली. नणंदेचं लग्न लांबलं. दोन महिने एकनाथराव बायकोशी एक शब्द बोलले नाहीत. ओसरीवर माझ्या शेजारी बसत आणि रस्त्याकडे बघत राहत. इंदुताई पुढ्यात ताट ठेवी आणि निघून जाई. मला त्या घराची फार चुटपुट लागली होती. पितळेलाही लागते.

एके सकाळी ते उठले, मला उचललं आणि बंबखान्यात गेले. नामदेवराव उभे राहिले. एकनाथराव म्हणाले, "जमादार, हा कसा चालवतात ते मला शिकवा. आमच्या घरात फक्त तिलाच येतं."

मित्रांनो, आता माझी नळी फाटली आहे आणि आतलं कातडं सुकलं आहे. मला घासलं नाही तरी चालेल. पण तुमच्या गावात बंबखाना असेल तर एकदा तिथे जा. आग लागायच्या आधी जा. तिथल्या माणसांची नावं विचारा, आपलं घर कुठे आणि घरात आजी कुठे निजते ते सांगून या. आणि कधी ती माणसं तुमच्या दारात उभी राहून, आत काय आहे, असं विचारतील, तेव्हा आजूबाजूला कोण ऐकतंय ते पाहू नका. खरं सांगा. त्यांचीही घरी कुणीतरी वाट बघत असतं.