कुंपणाआडचे अठरा हेक्टर

होंडुरासच्या त्या पाम-तेलाच्या खोऱ्यात एर्मेलिंदा सुनिगा अकरा वर्षं गणित शिकवत होती; पोरं तिला 'प्रोफे', म्हणजे बाई, म्हणायची. सातवीच्या वर्गाच्या भिंतीत गोळ्यांची चार भोकं पडली होती आणि पोरं त्यांत पेन्सिली खोचून ठेवायची.

त्या सोमवारी तिने फळ्यावर खरा नकाशा लावला. गावच्या सहकारी शेतीचा होता तो, संस्थेचा अध्यक्ष आन्सेल्मो याने दिलेला. त्याची मुलगी दुनिया पहिल्याच बाकावर बसायची.

"इथला एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर. कागदावर जमीन सोळा बाय बारा. किती चौकटी?"

"एकशे ब्याण्णव!" एल्दर ओरडला. "गुणिले पन्नास, झालं!"

"अरे गाढवा, चौकटीला लांबी असते तशी रुंदीही असते," दुनिया म्हणाली. "पन्नास गुणिले पन्नास. एक चौकट अडीच हजाराची."

हिशेब झाला. चार लाख ऐंशी हजार चौरस मीटर, म्हणजे अठ्ठेचाळीस हेक्टर.

एल्दर डोकं खाजवत राहिला. "पण प्रोफे, नदीपासून पाम-तेल कंपनीचं कुंपण तर हाकेच्या अंतरावर आहे. आठशे मीटर भरतातच कुठे?"

गप्प बसावं, हे तिला कळत होतं. तरी ती म्हणाली, "चला, मोजू."

पन्नास मीटरचा दोर घेऊन वर्ग नदीवर गेला. दोर सोळा वेळा बसायला हवा होता. दहाव्या वेळी काटेरी तार आली. पलीकडे कंपनीचे पाम उभे होते आणि पामांच्या सावलीत रखवालदारांचा म्होरक्या मातुते बसला होता. पोरांच्या मागे आलेलं कुत्रं तारेखालून आत शिरलं. मातुतेने ते बसल्या जागेवरून गोळी घालून मारलं.

"पुढची गोळी दोन पायांच्या कुत्र्याला," तो म्हणाला.

पोरं पळत सुटली. वर्गात परतल्यावर दुनियाने वहीत लिहिलं : तीनशे गुणिले सहाशे, अठरा हेक्टर गेले.

दुसऱ्या दिवशी भर दहाच्या तासाला मातुते दोन माणसांना घेऊन वर्गात घुसला.

"नकाशा कुणी दिला?"

"माझाच आहे. गणिताचा तास चालू आहे," एर्मेलिंदा म्हणाली.

त्याने तिचा उजवा हात टेबलावर दाबला आणि बंदुकीचा दस्ता हाणला. मग पुन्हा हाणला. हाडं मोडल्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. तिने नाव सांगितलं नाही. पण नकाशाच्या कोपऱ्यात अध्यक्षाची सही होती. मातुतेने ती बोट फिरवत वाचली, कागद पेटवला आणि निघून गेला.

"दुनिया, पळ! बाबांना सांग!" ती किंचाळली.

दुनिया धावली, पण त्यांची गाडी आधी पोचली. आन्सेल्मो मक्याच्या शेतात उताणा पडला होता, अंगात सात गोळ्या. हातातला कोयता सुटला नव्हता.

दफनाच्या दिवशीच माणसांनी टायर पेटवून हमरस्ता अडवला. दोन दिवस सैनिकांच्या लाठ्या खाल्ल्या. एल्दरच्या आईचा जबडा मोडला. शेवटी सरकारने मोजणीदार पाठवला. राजधानीतल्या दप्तरात मूळ नकाशा होता आणि मोजणीदाराचा आकडा सातवीच्या हिशेबाशी तंतोतंत जुळला. कुंपणाबाहेर तीसच हेक्टर उरले होते.

कंपनी कोर्टात गेली. लोकांनी निकालाची वाट पाहिली नाही. शंभर माणसं कोयते घेऊन गेली आणि खांब उपटू लागली. रखवालदारांनी गोळ्या झाडल्या, त्यात एल्दरचा मामा पडला. एका रखवालदाराचा हात लोकांनी कोपरापासून तोडला. संध्याकाळपर्यंत कुंपण आडवं झालं होतं. मातुते सापडला नाही. दुसऱ्या खोऱ्यातल्या मळ्यावर तो कामाला लागला म्हणतात.

एर्मेलिंदाची बोटं वाकडीच जुळली. ती डाव्या हाताने खडू धरायला शिकली. दुनिया महिन्याभराने शाळेत आली. तास सुटल्यावर ती टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"प्रोफे, तुम्ही तो कागद फळ्यावर लावला नसता, तर बाबा आज असते?"

सगळं गाव एर्मेलिंदाला म्हणत होतं, दोष तुझा नाही. तेच पुढे करणं सोपं होतं.

"हो," एर्मेलिंदा म्हणाली. "असते."

दुनियाने मान हलवली. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत ती तिच्याशी एक शब्द बोलली नाही. मात्र तास एकही चुकवला नाही. परत घेतलेल्या जमिनीत आईबरोबर मका पेरून, चिखलाच्या पायांनी ती रोज वर्गात यायची आणि मागच्या बाकावर बसायची.