सुनेशी बरोबरी

आखाडा बाळापूरच्या बाजारात दगडोबाचं पंक्चरचं दुकान आहे. दुकानासमोर एक बाकडं, आणि बाकड्यावर दुपारच्या वेळी बुद्धिबळाचा पट. त्या पटावर मुंजाजींना हरवणारा माणूस गावात नव्हता. हळदीची कामं उरकली की ते गाडी काढून बाजारात यायचे, दगडोबाला हरवायचे, बघायला थांबलेल्या एखाद्या जीपवाल्याला हरवायचे आणि चहा पिऊन घरी जायचे. खेळ जुन्या देशी पद्धतीचा. प्यादं एकेकच घर चालायचं, आणि राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारायची मुभा असायची.

हिंगोलीला खुली स्पर्धा आहे, ही बातमी त्यांचा मुलगा स्वप्निल याने मोबाइलवर वाचून दाखवली. "बाबा, तुमी जाच," तो म्हणाला. दगडोबानेही आग्रह केला. मुंजाजींनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली आणि सकाळच्या गाडीने हिंगोली गाठली.

पहिल्याच फेरीत समोर सहावीतली मुलगी आली. आरोही तिचं नाव. तिच्या पायांना खुर्चीवरून जमीनही लागत नव्हती. मुंजाजींना हसू आलं. प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जातं, एवढं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, म्हणून त्यांनी एक प्यादं ऐटीत दोन घरं सरकवलं. त्याच्या शेजारीच आरोहीचं प्यादं होतं. तिने ते तिरकं पुढे नेलं आणि मुंजाजींचं प्यादं उचलून बाजूला ठेवलं.

"अगं ए, हे काय? माझं प्यादं हितं हाय, तू बसली तिसऱ्याच घरात!"

पंच आले. असं मारता येतं, म्हणाले. मुंजाजींचं डोकं तापलं. पुढे त्यांचा राजा अडचणीत आला, तेव्हा त्यांनी त्याला अडीच घरांच्या उडीने मोकळ्यात काढलं. आरोहीने घड्याळ थांबवून हात वर केला. पंच पुन्हा आले. आजूबाजूच्या पोरांनी माना वळवल्या, कुणीतरी फिसकन हसलं. "काका, असा नियम नाही," पंच समजुतीने म्हणाले, पण तोवर मुंजाजींच्या कानांतून वाफा निघत होत्या. तो डाव ते हरले. नंतरचेही बहुतेक हरले.

त्यानंतर ते बाजारात जाईनात. दगडोबाने निरोप पाठवला, तर म्हणाले, "आमचा खेळ खेळच न्हाई म्हणत्यात तिकडं. काय खेळावं मग?"

एके दिवशी दुपारी ते पडवीत पट मांडून, त्या पोरीने प्यादं कसं मारलं ते पुटपुटत एकटेच सोंगट्या हलवत बसले होते. स्वयंपाकघराच्या दारातून सुनेचा आवाज आला.

"मामा, त्या पोरीनं बराबर मारलं होतं. पण ते लगेच पुढच्याच चालीला मारावं लागतं. एक चाल गेली, की हक्क गेला."

मुंजाजींनी मान वर केली. पुनम सेनगावची. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. सासऱ्यासमोर ती कामापुरतंच बोलायची.

"तुला काय ठाऊक?"

"कॉलेजात खेळायचे मी. विद्यापीठाच्या संघात होते."

"मंग आजवर बोलली काहून न्हाई?"

पुनमच्या मागून मुंजाजींच्या बायकोचा, सत्यभामाबाईंचा आवाज आला. "तुमी कधी इचारलं का? जा ग, बस समोर. दाखव त्याह्यला कसं खेळत्यात ते. घरात बसून उसासे टाकून राह्यलेत नुसते."

पुनमने हात पुसले, पदर सावरला आणि पटाच्या पलीकडे जरा तिरकी होऊन बसली. सासऱ्याच्या तोंडाकडे न बघता ती खेळली आणि बघता बघता तिने मात दिली. मुंजाजींनी सोंगट्या डब्यात भरल्या. "हां," एवढंच म्हणाले.

पण तिसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा पट मांडला. मग ते रोजचंच झालं. शेतातून आले, चहा झाला, की पडवीतून हाक यायची. पुनमने त्यांना किल्लेकोट शिकवला. राजाला एका कोपऱ्यात कसा सुरक्षित करायचा, सुरुवातीलाच वजीर घेऊन का धावायचं नाही, समोरच्याचा घोडा उंटाने कसा जखडून ठेवायचा, हे सगळं सांगितलं. मुंजाजी शिकत गेले. हळूहळू डाव जिंकायलाही लागले. पुनम विद्यापीठाच्या संघातली, आणि आपण तिला हरवतो, या विचाराने त्यांची चाल पुन्हा ऐटदार झाली. ते बाजारात जाऊ लागले आणि दगडोबाला नव्या नियमांनी हरवू लागले.

वसमतला स्पर्धा निघाली, तेव्हा त्यांनीच विषय काढला. "पुनमचं बी नाव टाक," ते स्वप्निलला म्हणाले. "तिलाबी सवय राहील."

वसमतला मुंजाजी बरे खेळले. दोन डाव जिंकले, एक चांगला जमलेला घाईत घालवला. आपला डाव लवकर संपला म्हणून ते सुनेच्या टेबलामागे जाऊन उभे राहिले. तिच्यासमोर नांदेडचा एक तरुण होता, कोपर टेबलावर टेकून आरामात बसलेला. पुनमने आपला हत्ती देऊन त्याचा उंट मारला. मुंजाजींना वाटलं, चुकली. पोरगाही खुर्चीत मागे रेलला. पण त्या उंटाबरोबर त्याच्या राजाचा पहाराच गेला होता. पुनमचा घोडा आत शिरला, मागून वजीर आला. तिने एकदाही मान वर केली नाही, कुठे घाई केली नाही. काही चालींतच तरुणाने राजा आडवा केला.

मुंजाजी उभ्या जागी थिजले. परवाच घरी खेळताना हिने घोडा उघड्यावर ठेवला होता. तो मारताना त्यांना स्वतःचं कोण कौतुक वाटलं होतं! एवढं बघणाऱ्या पोरीला तो घोडा दिसला नसेल?

परतीच्या एसटीत पुनमच्या मांडीवर महिला गटातलं पहिलं बक्षीस होतं, पितळी ढाल. वसमत मागे पडलं, तसं खिडकीबाहेर बघतच मुंजाजींनी विचारलं, "घरी काहून हारती तू?"

पुनमने ढाल पिशवीत घातली.

"खोटं बोलू नको. मी पाह्यलं आज."

"मामा," ती हळू आवाजात म्हणाली, "पहिल्या दिवशी मी जिंकले. तव्हा तुमी दोन दिवस नीट जेवला न्हाईत. आत्याबाईशी बोलला न्हाईत. मला वाटलं, आपल्यामुळं घरात कशाला तकलीफ."

मुंजाजींना ते दोन दिवस आठवले. भाजी आळणी आहे म्हणून त्यांनी ताट सरकवलं होतं. भाजी आळणी नव्हती.

"माझ्या मनाला लागलं होतं, खरं हाय," ते म्हणाले. "पण पोरी, मी शिकून राह्यलो असं समजत होतो ना मी. दगडोबाला सांगत होतो. तू मला नुसतं खेळवीत होती, लेकराला खेळवावं तसं."

"सगळंच खोटं न्हाई, मामा. तुमचा शेवटचा खेळ खरंच पक्का हाय. प्यादी राहिली, की तुमी लई चिवट."

"ते राहू दे. आता उद्यापासून दया करायची न्हाई."

"आन् तुमी जेवायचं."

मुंजाजींना हसू आलं. "जेवीन," ते म्हणाले.

पुनमने शब्द पाळला. मुंजाजी रोज हरू लागले. कधी चहा निवायच्या आत हरायचे, कधी दिवस मावळेपर्यंत झुंजून हरायचे. रागही यायचा. एकदा ते पट तसाच टाकून गोठ्यात निघून गेले आणि उगाच म्हशीवर ओरडले. पण जेवायला मात्र वेळेवर बसले. सत्यभामाबाईंनी त्यांच्या ताटात दोनदा भाजी वाढून पाहिली, आणि त्यांनी ती दोन्ही वेळा संपवली. बाजारात दगडोबाने विचारलं, "सुनंला हरवता म्हणं?" तर म्हणाले, "न्हाई गड्या. ती हरवती मला. रोज."

दिवाळीनंतर हिंगोलीला पुन्हा स्पर्धा झाली. शेवटच्या फेरीच्या जोड्यांचा कागद भिंतीवर लागला. पुनमने तो वाचला आणि ती वळून सासऱ्याकडे बघू लागली. दोघांचीच जोडी लागली होती.

मुंजाजी काळ्या सोंगट्यांमागे बसले. त्यांनी तिच्याकडे असं रोखून पाहिलं, की तिने मान डोलावली. ती जिंकली, तर तिला वरच्या क्रमांकाचं बक्षीस मिळणार होतं.

डाव लांबला. मधेच मुंजाजींचं एक प्यादं गेलं. मग वजीर कटले, हत्ती कटले, आणि पटावर दोन राजे आणि मोजकी प्यादी उरली. शेवटी तिचं एकच प्यादं राहिलं आणि त्यांचा एकटा राजा. बाकीची टेबलं रिकामी झाली होती, माणसं भोवती जमली होती. पुनम जिंकण्यासाठी जीव तोडून खेळत होती. तिचा ओठ दाताखाली होता, कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मुंजाजींनी आपला राजा तिच्या राजासमोर उभा केला. ती पुढे आली की ते सरळ एक पाऊल मागे सरायचे, वाकडे जायचे नाहीत. पुनमने राजा पुढे काढायचा सोडून घाईने प्यादं सरकवलं, आणि डाव निसटल्याचं तिथेच तिच्या लक्षात आलं. प्यादं शेवटच्या घराच्या तोंडाशी पोचलं, पण मुंजाजींच्या राजाला शह नव्हता आणि हलायलाही जागा नव्हती. शह नसताना राजा असा कोंडला, की डाव कुणाचाच नसतो. पंचांनी दोघांच्या नावापुढे अर्धा अर्धा गुण लिहिला. डाव बरोबरीत सुटला.

बाहेर ओट्यावर आल्या आल्या पुनम एकदम म्हणाली, "मी जिंकायला पाह्यजे होतं हे! राजा आधी काढायचा, एवढं साधं. आन् मामा, तुमी तरी! हत्ती खाली आणला न्हाई तव्हा मरणार होतात तुमी. मला दिसलं न्हाई म्हणून वाचलात. मांडा पट, दाखवते."

पदर खांद्यावर घसरला होता, आवाज चढला होता. डाव बघून बाहेर आलेल्या एका गृहस्थाने हसत विचारलं, "सून लई बोलून राह्यली की हो तुमाला?"

"बोलू द्या," मुंजाजी म्हणाले. ते ओट्यावर मांडी घालून बसले आणि पिशवीतून पट काढला. "हां, कुठला हत्ती म्हणती तू?"