ओट्याखालचा कॉक

स्वयंपाकघरातल्या तोटीचं पाणी बारीक झालं, त्याला तीन आठवडे होऊन गेले होते. सुरुवातीला पौर्णिमाने ते मनावर घेतलं नाही. कामरगावात नळ येतो चार-पाच दिवसांआड. आला की मोटर लावून टाकी भरायची आणि पुढच्या खेपेपर्यंत पुरवायची. त्यात एक तोटी बारीक चालली तर चालू दे, असं ती म्हणाली. पण मग कुकरात पाणी भरेपर्यंत कांदा चिरून व्हायला लागला. भांडी तर सरतच नव्हती. साबण लागलेलं ताट त्या सुतासारख्या धारेखाली धरून ती उभी राही, आणि दिवसभराचा शीण पोटऱ्यांतून खाली उतरत जाई.

पौर्णिमा आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. महिनाभर म्हाताऱ्या माणसांची तपासणी चालली होती. घरोघर जायचं, शुगर-बीपी बघायचं, वीस-बावीस प्रश्न विचारायचे आणि सगळं मोबाइलमध्ये भरायचं. संध्याकाळी जीपमधून घरी आली की चप्पल काढायलाही वाकू नये, असं तिला वाटे. नवरा संघदीप एसटीत कंडक्टर. त्याची ड्यूटी कधी पहाटे लागे, कधी दुपारी. घरात तिसरी त्याची आई, भागिरथाबाई.

"रवी प्लंबरले सांगतलं का तुमी?" ती रोज विचारी.

"सांगतलं ना. उद्या येतो म्हने."

रवीचा उद्या काही उजाडला नाही. शेवटी एका रविवारी तिनेच पदर खोचला.

आधी ती न्हाणीघरात गेली. तिथला नळ भरभरून चालला. म्हणजे टाकीत पाणी होतं, वरून येणारा पाइपही साफ होता. जे काही होतं ते स्वयंपाकघरातच. पकडीने तिने तोटीचं तोंड फिरवून काढलं. आतल्या जाळीवर क्षाराचा पांढरा थर चढला होता आणि बारीक रेती अडकली होती. तिने जाळी वाटीभर लिंबाच्या रसात भिजत घातली, जुन्या ब्रशने घासली आणि परत बसवली. फरक पडला, पण उन्नीस-बीस.

मग ती ओट्याखाली शिरली. तेलाचे रिकामे डबे सरकवले. मागच्या भिंतीवर तोटीकडे जाणाऱ्या पाण्याचा छोटा कॉक होता. तिने तो सहज फिरवून पाहिला, तर तो फिरतच गेला. दोन फेरे, अडीच फेरे. वर येऊन तोटी सोडली तशी धार एवढ्या जोरात आली की तिची साडी पोटापर्यंत भिजली.

भागिरथाबाई दारात उभ्या होत्या.

"आलं का पानी?"

"आलं, आई. कॉकच अर्धा बंद होता."

"बरं झालं," भागिरथाबाई म्हणाल्या आणि माघारी वळल्या.

मंगळवारी पाणी पुन्हा बारीक. पौर्णिमाला वाटलं, जाळीत परत रेती आली. जाळी स्वच्छ होती. कॉक पाहिला तर अर्धा बंद. तिने उघडला. गुरुवारी पुन्हा तेच. आता मात्र तिचं डोकं सणकलं. तिने संघदीपला गाठलं.

"तुमी हात लावता का त्या कॉकले?"

"मी कायले लावू? मले तिथं वाकता तरी येते का?" दिवसभर बसमध्ये उभं राहून त्याची कंबर गेली होती. तो खरंच बोलत होता. रवी अजून फिरकला नव्हता. घरात चौथं माणूस नव्हतं.

शुक्रवारी आसपासच्या वस्तीतलं काम लवकर उरकलं आणि पौर्णिमा तीनलाच घरी आली. दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघरात तिला आधी सासूचे पाय दिसले, मग फरशीवर टेकलेली कोपरं. डोकं ओट्याखाली होतं.

"आई, काय करून राह्यल्या?"

भागिरथाबाई दचकल्या नाहीत. हळूहळू मागे सरून त्या भिंतीला टेकून बसल्या. लुगड्याला डब्याचं तेल लागलं होतं.

"कॉक बंद करून राह्यली. अर्धा."

"काहून पन? मी तिकडं रोज उघडतो, तुमी इकडं बंद करता. मले पाऊन पाऊन तास भांडे घासत उभं राहा लागते, तुमाले दिसत नाई का?"

"दिसते, बाई."

पौर्णिमाने पर्स ओट्यावर टाकली. तिला ओरडायचं होतं, पण ओरडायलाही त्राण लागतं. ती तिथंच समोर खाली बसली. भागिरथाबाई सांगू लागल्या.

"मांगच्या महिन्यात टाकी खाली झालती. तुमी म्हने टाकीले चीर गेली. चीर नाई गेली. मी तोटी चालू ठेवली अन् विहारात वंदनेले निंगून गेली. वापस आली तं पानी वाहूनच राह्यलं होतं. एक डाव नाई झालं तसं. तीन डाव झालं."

पौर्णिमा जरा पुढे सरकली.

"तो रवी तोटी बसवत होता, तवा त्यानं दाखवलं होतं, का इथून पानी कमी होते म्हनून. म्या म्हटलं, बारीक करून ठेवलं तं मी भुलली तरी टाकी पुरते."

"आनखी काय काय भुलता तुमी?"

भागिरथाबाईंनी पदराने हात पुसले. हात कोरडेच होते.

"विहारातून येतानी गल्ली चुकली एक डाव. मानिकरावाच्या दुकानापाशी उभी राह्यली. त्यानं इचारलं, आई काय पाह्यजे? म्या म्हटलं साखर. साखर घेतली, तवर गल्ली ध्यानात आली. विहारात वंदना म्हनता म्हनता मधातच सुटते. बाया म्हनतात त्याइच्या मांगं मांगं मीबी म्हनतो. कोनाले समजत नाई."

डब्यात साखर असताना दुसरी पिशवी कशी आली, असं पौर्णिमाने तेव्हा विचारलं होतं. उत्तराची वाट न बघता ती अंघोळीला गेली होती, हेही तिला आठवलं. आणि मोबाइलमधला तो प्रश्न. अलीकडे गोष्टी विसरायला होतात का? महिनाभरात शंभरावर म्हाताऱ्यांना तिने तो विचारला होता.

"मले काहून नाई सांगतलं, आई?"

"तू दिसभर म्हाताऱ्याइचंच आयकतं. घरी आल्यावर आनखी एक म्हातारी कायले?"

पौर्णिमा उठली, चहा ठेवला आणि दोघी फरशीवरच बसून प्यायल्या.

संध्याकाळी संघदीपला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ बुटाची नाडी सोडत राहिला. "मले वाटलं टाकीच फुटली," एवढंच म्हणाला. सोमवारी दोघांनी रजा टाकली आणि आईला वाशिमच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तारीख-वार विचारला, घड्याळ काढायला लावलं, रक्त तपासलं. बी-बारा फार कमी निघालं. "विसरणं थोडंफार त्याच्यामुळं असू शकतं," ते म्हणाले. "सगळं त्याच्यामुळंच आहे असं आज सांगता येत नाही. इंजेक्शनं द्या, तीन महिन्यांनी पाहू."

रवी त्याच आठवड्यात पाना घेऊन उगवला. पौर्णिमाने त्याला कॉक दाखवला आणि तो अर्ध्यावरच राहू द्यायला सांगितलं. हात काढला की आपोआप बंद होणारी तोटी मिळते, तो म्हणाला, मागवून देतो. ती अजून आली नाही. भांडी पहिल्यासारखीच पाऊण तास चालतात. फक्त आता भागिरथाबाई शेजारी स्टूलवर बसून एकेक ताट पुसतात, आणि पौर्णिमा त्यांना दिवसभरात काय काय झालं ते विचारते.

इंजेक्शन पौर्णिमाच देते. दोन महिने झाले. पुनवेच्या दिवशी बुद्धविहारात भागिरथाबाईंनी वंदना शेवटपर्यंत म्हटली, शेजारणीच्या तोंडाकडे न बघता. त्याच आठवड्यात गल्ली मात्र पुन्हा एकदा चुकली, आणि माणिकरावांनी त्यांना घरापर्यंत आणून सोडलं. येताना हातात साखर होती. पौर्णिमाने ती मुकाट्याने डब्यात ओतली आणि सिरिंजचं पाकीट फोडलं.

"कोन्या दंडात देऊ आज?"

"मांगच्या टायमाले डाव्यात देल्लं होतं," भागिरथाबाई म्हणाल्या, आणि उजवी बाही वर सारली.