मौनमळ्यातली रडणारी वेल

शंभर-सव्वाशे मराठी माणसं एका जागी उभी आहेत आणि कोणी बोलत नाही, हा खरं तर त्या दिवसाचा पहिला चमत्कार होता. पण त्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. सगळ्यांचे डोळे लागले होते एका काळ्या, पीळदार, पान नसलेल्या द्राक्षवेलीकडे. एप्रिलचा तिसरा शनिवार होता. मिशिगन सरोवरावरून बोचरा वारा येत होता. बायकांनी पैठण्यांवर फुगीर जाकिटं चढवली होती, पुरुषांच्या कुर्त्यांखालून थर्मल डोकावत होते. अमेरिकेतल्या नेपरव्हिल गावाहून अडीच तास गाडी हाकत आलेली ही मंडळी अकरा मिनिटांचं मौन पाळत होती. मौन संपलं की वेल रडणार होती.

आणि वेल रडायची, उगाच खोटं कशाला सांगा? ब्रदर देवदत्त पुढे व्हायचे, फांदीवरून अलगद अंगठा फिरवायचे, आणि फांदीच्या टोकाशी टपोरा थेंब जमायचा. मग दुसरा, मग तिसरा. खाली काचेची वाटी धरलेली असायची. भक्त रांगेने येऊन ते पाणी तीर्थासारखं तळहातावर घ्यायचे, डोळ्यांना लावायचे आणि ओला हात सवयीने डोक्यावरून फिरवायचे. फ्रान्समधल्या ख्रिस्ती साधूंचं पाणी मराठी टाळूवर असं बिनबोभाट जिरत होतं.

ब्रदर देवदत्त चार वर्षांपूर्वीपर्यंत देवदत्त सबनीस होते आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत डिलिव्हरी मॅनेजर होते. नोकरी गेली, त्यांनी हा जुना मळा घेतला आणि त्याला 'मौनमळा' असं नाव दिलं. द्राक्षं दोन हंगाम धड आली नाहीत. तिसऱ्या हंगामात वेल रडू लागली. तेव्हापासून ते पायघोळ पांढरी लोकरी कफनी घालून वावरू लागले आणि मौनाचं महत्त्व सांगू लागले. सांगायला त्यांना चाळीस मिनिटं लागत.

"मित्रांनो, जस्ट इमॅजिन करा," ते म्हणायचे. "आठशे वर्षांपूर्वी फ्रान्सच्या डोंगरात वालसोम्ब्रचा मठ. कार्थुसियन पंथाचे साधू. प्रत्येकाची वेगळी खोली, जेवणसुद्धा भिंतीतल्या खिडकीतून आत. बोलायचं नाही. मग न बोललेले सगळे शब्द गेले कुठे? सायन्सच सांगतं ना, एनर्जी नष्ट होत नाही. ती त्यांच्या मळ्यात, वेलींच्या मुळात साठली. त्याच मळ्यातली ही वेल. हिचे अश्रू म्हणजे आठशे वर्षांचं मौन."

इंजिनिअर मंडळी माना डोलवायची. सायन्स हा शब्द आला की त्यांची चिकित्सा तिथेच संपायची.

त्या दिवशी गर्दीत पद्मिनीबाई नव्यानेच आल्या होत्या. पिंपळगाव बसवंतच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं होतं, आणि शाळेच्या कुंपणापासून पुढे नजर पोचेल तिथपर्यंत द्राक्षांचे मळे होते. मुलगी अनया नेपरव्हिलला, म्हणून त्या सहा महिन्यांसाठी आलेल्या. जावई सौमित्रची आई, पुण्याच्या प्रतिमाबाई, आधीपासूनच तिथे मुक्कामाला होत्या. एका घरात दोन विहिणी. दोघींनी आपापला मान राखत, 'तुम्ही आधी घ्या' 'नाही, तुम्ही आधी' असं करत चहासुद्धा कितीदा थंड केला होता.

प्रतिमाबाईंना काचबिंदू होता. पुण्याच्या डॉक्टरांनी रोज रात्री डोळ्यांत थेंब घालायला सांगितले होते, आणि सहा महिने पुरतील इतक्या बाटल्या त्यांनी बॅगेतून आणून फ्रिजच्या दारात रांगेने मांडल्या होत्या. तेवीस दिवसांपूर्वी त्या मौनमळ्यात जाऊन आल्या आणि त्या रांगेशेजारी अश्रूंची एक निळी बाटली येऊन बसली. तिच्याबरोबर अट होती: चाळीस दिवस दुसरा कुठलाही थेंब डोळ्यांत घालायचा नाही, मौनात दुसरा आवाज चालत नाही. प्रतिमाबाईंनी औषध बंद केलं आणि आठवडाभरात त्यांना गुण आला. डोळ्यांची लाली गेली, चुरचुर थांबली. लाली त्या औषधामुळेच येत होती, ते थांबल्यावर तीही थांबली. पण काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही. तो डोळ्याच्या कडेकडेने नजर खात आत येतो, आणि खाल्लेली नजर परत देत नाही.

पद्मिनीबाईंनी हे तिसऱ्याच दिवशी ओळखलं होतं. औषधाची फोडलेली बाटली जागची हलत नव्हती. पण बोलायचं कसं? घर जावयाचं, आई जावयाची, औषध तिचं. उद्या 'विहीणबाईंनी माझ्या श्रद्धेची टिंगल केली' असं झालं तर अनयाला ऐकून घ्यावं लागणार. एकदा त्यांनी अनयाच्या कानावर घातलं, तर ती म्हणाली, "आई, प्लीज. त्यांना बरं वाटतंय ना? तू त्यात पडू नकोस." बाई गप्प बसल्या. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना प्रश्न विचारायला शिकवलेल्या बाईंची स्वतःच्या लेकीपुढे वाचा बसली.

आज मात्र मळ्यात शिरताना एक गोष्ट घडली. वाटेच्या डाव्या हाताला वेलींच्या तारा ताणलेला लाकडी खांब होता, चांगला मांडीएवढा जाड. प्रतिमाबाई सरळ त्याच्यावर जाऊन आदळल्या. "शाल अडकली," असं म्हणून हसल्या आणि खांदा चोळत पुढे गेल्या. शाल त्यांच्या हातात होती. पद्मिनीबाई पुढे झाल्या आणि विहीणबाईंच्या डाव्या बाजूने चालू लागल्या.

मौनाआधी मोकळा वेळ होता. तो त्यांनी वाइन चाखायच्या खोलीत घालवला. तिथे भिंतीवर वालसोम्ब्र मठाचा इतिहास मराठीत छापून काचेत लावला होता. देवदत्तांनी तो कुठून तरी उतरवून घेतला असावा, कारण त्यात चमत्काराचा शब्दही नव्हता. साधूंनी आणि त्यांच्या सेवकबंधूंनी डोंगर खणून दगड कसे वेचले, पायऱ्या कशा बांधल्या, कुठल्या उतारावर कोणतं द्राक्ष आधी पिकतं हे कसं पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवलं, असं सगळं होतं. बाईंना त्या गप्प माणसांबद्दल आदर वाटला. पुढे फ्रान्सच्या राज्यक्रांतीत साधूंना हाकललं, मळे विकले गेले. आणि अगदी खाली, बारीक अक्षरात एक वाक्य होतं: एकोणिसाव्या शतकात मुळं खाणाऱ्या किडीने सगळ्या वेली मेल्या आणि नवी लागवड अमेरिकन मुळांवर कलम करून केली. बाईंनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. दिव्याखाली अंधार तो हा. दिवा लावणाऱ्यानेच ते वाक्य वाचलेलं नव्हतं.

बाहेर येऊन त्या गर्दीत पुढे गेल्या. मौन सुरू झालं होतं. वेलीच्या बुंध्याशी माती थोडी खाली बसली होती, आणि जमिनीलगत गुडघ्यासारखी एक जाड गाठ दिसत होती. अशा गाठी त्यांनी जन्मभर पाहिल्या होत्या. मग त्यांनी फांदीची टोकं पाहिली. सगळी ताजी छाटलेली, आणि प्रत्येक टोकावर तपकिरी मेणाचा ठिपका. अकराव्या मिनिटाला देवदत्त पुढे झाले, अंगठा फिरवला, आणि मेणाचा कपचा गवतात पडला.

प्रतिमाबाई सगळ्यांच्या पुढे, तळहात पसरून उभ्या होत्या. त्यांचा डावा खांदा अजून वर उचललेला होता.

"देवदत्त, तुमच्या नखात मेण अडकलंय," पद्मिनीबाई म्हणाल्या.

वर्गात मागच्या बाकापर्यंत जाणारा तो आवाज होता. मौन मोडल्याचा धक्का इतका मोठा की काय बोललं गेलं हे कळायला लोकांना वेळ लागला. अनयाने आईचा दंड धरला. देवदत्त समजूतदारपणे हसले आणि म्हणाले, "काकू, हा फेथचा विषय आहे. प्रत्येक गोष्टीला लॉजिक नसतं."

"हिला आहे," बाई म्हणाल्या, आणि नातीला हाक मारली.

नऊ वर्षांची इशिता चित्रकलेच्या पिशवीसकट आली होती. पिशवीत कात्री होती. आजी तिला घेऊन पार्किंगच्या कुंपणाशी गेली. तिथे तारेवर एक रानवेल चढली होती, कोणी न लावलेली. अशा वेली त्या भागात ओढ्याकाठी, रस्त्याकाठी कुठेही माजतात. गर्दी आपोआप मागोमाग गेली. इशिताने आजीने दाखवलेली पेन्सिलीहून बारीक काडी कचकन कापली. सगळे वाट बघत राहिले. अर्ध्या मिनिटात कापलेलं टोक ओलं झालं, पाणी फुगलं आणि टपकलं.

"आजी, धिस वन इज क्रायिंग टू," इशिता म्हणाली.

"रडत नाही ती. जागी होतेय." बाई गर्दीकडे वळल्या. "हिवाळा संपून जमीन तापली, की पानं फुटण्याआधी मुळं पाणी ओढून वर ढकलतात. काडी कापलेली असली, तर ते बाहेर येतं. हा पहाटे कापून मेण लावतो आणि तुमच्यासमोर मेण काढतो. मेमध्ये पानं आली की हे बंद. म्हणून याचे सोहळे फक्त मार्च-एप्रिलमध्ये."

देवदत्त म्हणाले की रानवेलीचं पाणी साधं, आणि इथलं मठाच्या मुळातलं.

"मूळ मठाचं नाहीच," बाई म्हणाल्या. "बुंध्याची गाठ बघा. कलम आहे. आमच्या पिंपळगावात कुठल्याही मळ्यात दाखवीन. खाली डॉगरिज या रानटी जातीचं मूळ, वर थॉम्पसन द्राक्षाची काडी. फ्रान्सच्या वेली किडीने मेल्या, तेव्हा तिकडे या रानवेलीच्याच भाऊबंदांची मुळं नेली. तुमच्याच भिंतीवर छापलंय. पाणी येतं मुळातून, आणि मूळ अमेरिकेचं. आठशे वर्षांचं मौन यात कुठून शिरलं?"

लोक भिंतीवरचं वाचायला गेले. काहींनी बाटल्या परत ठेवल्या. दोघे-तिघे बाईंवर चिडले, इतक्या लांब येऊन असा मूड घालवायचा का म्हणून. आणि एक गृहस्थ, चांगले पीएचडी झालेले, म्हणाले की तरीसुद्धा काहीतरी असेलच, आणि दोन बाटल्या घेऊन गाडीत बसले. खोटं एका दिवसात मरत नाही. देवदत्तांनी मात्र कफनीचं टोपडं डोक्यावर ओढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा खरंखुरं मौन धरलं.

घरी येताच प्रतिमाबाईंनी निळी बाटली उजेडात धरली. पाणी गढूळलं होतं, तळाशी चिकट तार दिसत होती. झाडाचा रस तो, आठवड्यात नासणारच. हे आपण डोळ्यांत घालत होतो, हे त्यांचं त्यांना दिसलं. सौमित्रने सोमवारची डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टर म्हणाल्या, दाब वाढलाय. डाव्या डोळ्याची कडेची नजर गेलीय, ती येणार नाही. त्यातली या पंचवीस दिवसांत किती गेली, हे कोणीच सांगू शकणार नाही. उरलेली थेंबांनी राखता येईल.

त्या संध्याकाळी प्रतिमाबाईंनी स्वयंपाकघरात विचारलं, "तुम्हाला केव्हा कळलं होतं?"

"तिसऱ्या दिवशी."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विहीणबाई. तुमचा मान."

देवदत्ताचं मेण सगळ्यांनी पाहिलं. आपल्या तोंडावरचं मेण पद्मिनीबाईंना त्या क्षणी दिसलं. भोंदू माणूस एकट्याच्या जिवावर जगत नाही. ज्यांना कळतं त्यांच्या गप्प बसण्यावर तो जगतो. मान राखावा, पण माणसाच्या डोळ्यांपेक्षा मान मोठा नाही. कोणी सांगितलं की पाणी रडतं, दगड बोलतो, तर हात पसरण्याआधी एकदा विचारावं: का? आणि उत्तर माहीत असेल, तर ते त्याच दिवशी मोठ्याने सांगावं.

बाईंनी फ्रिजमधली औषधाची नवी बाटली फोडली, कारण आधीची फोडून महिना होत आला होता आणि ती आता टाकूनच द्यायची होती. प्रतिमाबाईंना खुर्चीत बसवलं, हनुवटी वर केली, खालची पापणी बोटाने ओढली आणि एक थेंब नेमका आत सोडला. प्रतिमाबाईंचा चेहरा वाकडा झाला. डोळे भरून येऊ लागले.

"रडू नका," पद्मिनीबाई म्हणाल्या. "औषध वाहून जाईल."