यादीत घेऊ नये

भाचीने दुकानाचं नाव पुन्हा एकदा शोधपट्टीत टाकलं आणि निकालांचं एकेक पान उलटत ती शेवटापर्यंत गेली. त्या नावाचा एक दंतवैद्य सापडला, एक छापखाना सापडला, एक बोटसुद्धा सापडली. मामाचं दुकान नव्हतं.

“काय शास्त्रज्ञ, लागला का शोध?” पडद्यामागच्या कामाच्या खोलीतून मामाने विचारलं.

“अजून नाही.”

“नको डोकं शिणवूस. संध्याकाळी माणूस येतोय बूट शिवायची मशीन न्यायला. तिला तेवढा तेलाचा शेवटचा हात देतो.”

मामा बूट करायचा. ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असतो, त्यांच्यासाठी. वाढवलेली उंची तो बुटात अशी मुरवायचा, की बघणाऱ्याला ती कळू नये. असा जोड वर्षानुवर्षं टिकतो, त्यामुळे जुनं गिऱ्हाईक लवकर परत येत नाही. नवं यायचं ते दूरदूरहून, इंटरनेटवर शोधत. मामाच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर एकही आलं नाही. आपला हात गेला आणि लोकांना ते कळलं, असं मामाने मनाशी धरलं होतं. मशीन विकल्याचं भाचीला फोनवर कळलं तशी ती रजा टाकून आली.

प्रयोगशाळेतल्या सवयीने ती एका वेळी एकच गोष्ट बदलत होती. दुकानाची वेबसाइट मामी सांभाळायची; बुटांचे फोटो तिने टाके दिसावेत म्हणून इतके मोठे ठेवले होते की पान उघडेपर्यंत माणूस कंटाळून जावा. ते भाचीने हलके केले. तुटलेले दुवे जोडले. साइट आता ठणठणीत होती. पण संथ साइट निकालांत मागे पडते, नाहीशी होत नाही. मग ही नाहीशी का झाली, हे आपण आधीच विचारायला हवं होतं, असं वाटून तिने पानामागचा कोड उघडला.

अगदी वरच एक ओळ होती, शोधयंत्रांसाठी. हे पान यादीत घेऊ नये, एवढाच तिचा अर्थ.

“मामी, सापडलं!” ती खुर्चीतून अर्धी उठली. “साइट अर्धवट असताना लावतात ही ओळ. तू काढायला विसरलीस!”

मामी काउंटरशी बुटात उंचीसाठी घालायचे बुचाचे पातळ तुकडे कापत होती. तिची सुरी थांबली.

“विसरले नाही गं. नंतरच लावली. ऑपरेशनच्या आठवड्यात.”

“मुद्दाम?”

“मग काय करू? डॉक्टर म्हणाले, सहा महिने कामाला हात लावायचा नाही. आणि हे म्हणजे! कुणी फोन केला, की ‘या ना, या ना’. पुढचं दार लावलं तर मागच्या दाराने बोलावतील.”

“आणि सहा महिन्यांनंतर?”

मामीने बुचाचा चुरा तळहाताने एका जागी गोळा केला.

“काढायलाच बसले होते. तर हे आत झोपलेले. भरदुपारी, लहान मुलासारखे. लग्न झाल्यापासून कधी पाहिलं नव्हतं तसं. म्हटलं, अजून एक महिना. मग अजून एक. मग हे म्हणायला लागले, माझा हात गेला. तेव्हा सांगायला तोंडच राहिलं नाही.”

पडदा हलला. मामा दारात उभा होता, हातात तेलाचं फडकं. त्याने सगळं ऐकलं होतं.

“म्हणजे,” तो सावकाश म्हणाला, “लोकांनी मला टाकलं नव्हतं?”

“त्यांना तू दिसतच नव्हतास, मामा.”

“आणि मी मनातल्या मनात किती शिव्या घातल्या बिचाऱ्यांना.”

मामाने फडक्याची नीट घडी केली, खिशातून फोन काढला आणि मशीन न्यायला येणाऱ्या माणसाला सांगितलं, येऊ नका, माफ करा. मग तो भाचीकडे वळला. तिचं बोट ती ओळ पुसायला कळीवर टेकलंच होतं.

“थांब. तिने लावली ना? तिच्याच हाताने निघू दे.”

मामी उठली नाही.

“महिन्याला दोनच जोड,” ती म्हणाली.

“चार.”

“दोन.”

“बरं बाई, दोन.”

मग ती आली आणि वाकून, एकेक अक्षर करत तिने ती ओळ पुसली.

“आता?” मामाने विचारलं.

“आता शोधयंत्र पुन्हा येऊन बघेल. काही दिवस लागतील, किती ते नक्की नाही सांगता येत.”

“म्हणजे आज कुणी येत नाही.” मामाने स्टूल पुढे ओढलं आणि मामीसमोर बसला. “चल, चपला काढ. सरळ उभी राहा.”

“माझं काय बघताय? माझे पाय चांगले सारखे आहेत.”

“राहा तर.”

त्याने तिच्या कमरेवर दोन्ही बाजूंनी तळवे ठेवले आणि डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं. मग काउंटरवरचा बुचाचा एक पातळ तुकडा उचलून तिच्या डाव्या टाचेखाली सरकवला आणि पुन्हा पाहिलं.

“डावा,” तो म्हणाला. “अगदी थोडा. माझ्या कधी लक्षातच आलं नाही.”

मामीने तोल सावरायला त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आता गरज नव्हती, तरी तो तिने तिथेच राहू दिला.