डाव्या रुळाची वाळू

“बाबा, ओळखलंत का हे?” लेकीनं इंजिनाच्या पितळी पट्टीवर हात ठेवून विचारलं.

बाबांनी इंजिनाकडे पाहिलं, मग त्याच्याभोवती बांधलेल्या दोरीकडे, मग स्वतःच्या चपलांकडे.

खालच्या स्टेशनात मांडून ठेवलेल्या त्या जुन्या इंजिनाला रंगरंगोटी करून नवरदेवासारखं नटवलं होतं. पुढच्या बाजूला हातभर रुंदीची एक फळी होती. बाबांचा उभा जन्म त्या फळीवर गेला होता. डोंगरात रूळ ओले झाले की चाकं जागच्या जागी फिरतात आणि गाडी पुढे सरकत नाही. म्हणून पुढे दोघं बसायचे आणि मुठीमुठीनं रुळांवर वाळू टाकायचे. उजवा रूळ बाबांचा, डावा त्यांच्या जोडीदाराचा. तो डावखुरा, म्हणून सगळे त्याला डावऱ्याच म्हणत. त्याला जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती.

“पूर्वी इथं माणसं बसायची,” गाईड सांगत होता.

“त्यातलेच एक हे. माझे बाबा!” लेक म्हणाली. झालं, लोक फोटोसाठी पुढे सरसावले. बाबा खांबासारखे उभे राहिले.

“पुरे गं आता. दमलेत ते,” आई म्हणाली.

अर्धांगाच्या झटक्यात बाबांचा उजवा हात गेला होता आणि वाचाही. “ओळखीच्या जागी नेऊन बघा. कधी कधी बोलतात माणसं,” असं डॉक्टर म्हणाले होते. आईनं ते वाक्य पदरात बांधून ठेवलं. संसारात बाबांनी तिला कधी नावानं हाक मारली नव्हती. ‘अगं’, फार तर ‘अगं, ऐकलंस का’. “मला काय आईबापांनी नाव ठेवलं नाही?” असं ती कायम कुरकुरायची. आता तेच एक ‘अगं’ ऐकायला मिळावं म्हणून ती गुडघे धरत इथवर आली होती. देवाकडे याहून स्वस्तात काय मागणार?

तिघं डोंगरावर जाणाऱ्या छोट्या गाडीत बसले आणि गाडी निघाली. डबा एवढासा, बाकाच्या दोन्ही टोकांना खिडक्या. उजवीकडे बाबा, डावीकडे आई. लेक समोर बसून मोबाइलवर चित्रण करत होती.

“बाबा, तो बोगदा आठवतो? काहीतरी बोला ना.”

बाबा बाहेर बघत होते. आईनं हळूच हाक मारली, “अहो.” ते खिडकीबाहेरच बघत राहिले. तिला रडू आलं, आणि लोकांपुढे रडू येतंय याचा रागही आला.

चढाच्या वळणावर धुकं दाटलं होतं. गाडीला एक हिसका बसला. पुढे चाकं खरखरा फिरू लागली आणि गाडी थांबली. डब्यात हशा पिकला. “चला, उतरा, धक्का मारा!” कुणीतरी ओरडलं.

बाबा ताठ झाले. उजवा हात उचलायला त्यांनी खांद्यापासून जोर लावला. हात मांडीवरून हलला नाही. त्यांनी घाबरून आईकडे पाहिलं.

“डावऱ्या! वाळू!”

लेकीच्या हातून मोबाइल पडला. “आई, बोलले! बाबा बोलले!”

आई मात्र हलली नाही. एवढ्या दिवसांनी शब्द फुटला, आणि तो तिचा नव्हता. बाबांच्या डोळ्यांत तिची ओळखही नव्हती. ‘अहो, मी आहे, मी,’ असं तिच्या अगदी ओठांवर आलं.

“डावऱ्या, मागं जाईल रे गाडी!” बाबांचा आवाज रडवेला झाला.

तिनं डावा हात खिडकीबाहेर काढला आणि रिकामी मूठ उघडली.

“टाकली,” ती म्हणाली.

ड्रायव्हरनं काय ते केलं असावं. चाकांनी रूळ धरला आणि गाडी हलली. बाबांनी श्वास सोडला.

“थोडी थोडी टाक रे. वरपर्यंत पुरवायचीय.”

“हो, पुरवते... पुरवतो,” आई म्हणाली.

त्यानंतर बाबा बोलले नाहीत. फक्त वळण आलं की तिच्या हाताकडे बघायचे. वरचं स्टेशन येईपर्यंत आई त्या थंडीत मूठ भरत राहिली, उघडत राहिली.