पाठीवरचा खिसा

दुष्काळ सरला त्या साली आष्टीच्या शिवणवर्गाला जालन्याच्या सरकारी दवाखान्याचं पहिलंवहिलं कंत्राट मिळालं, आणि वर्ग चालवणाऱ्या मालनबाईचे पाय जमिनीवर ठरेनात. बाळंतपण करताना डॉक्टरांनी कपड्यांवरून घालायचे झगे शिवायचे होते. नमुन्याचा झगा आला तो मात्र पाठीकडून वरपासून खालपर्यंत उघडा, नुसत्या नाड्यांच्या भरवशावर.

"अगं बया! एवढ्या शिकलेल्या माणसाची पाठ उघडी?" मालनबाईनं कपाळाला हात लावला.

"शिवणाराच चुकला असंल," तिची जोडीदारीण बेबीनंदा म्हणाली. "आपुन बराबर करू."

झालं! दोघींनी मोठ्या मनानं सरकारची चूक दुरुस्त केली. पाठ बंद केली, उघडी बाजू आणि नाड्या पुढे घेतल्या आणि वर डाव्या छातीवर ऐसपैस खिसा लावला. डॉक्टर झाला तरी त्याला सुपारी ठेवायला जागा नको?

माल पोचला आणि मागोमाग मालनबाईला बोलावणं आलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात टेबलावर झग्यांचा ढीग होता. स्टोअरचे अप्पाराव साहेब कंत्राटाची अट तिसऱ्यांदा वाचून दाखवत होते. निकाल डॉक्टरीण उषाबाईंनी द्यायचा होता.

"उघडी बाजू पाठीमागं पायजे. ही पुढं हाय. माल बिलकुल घेता येणार न्हाई," अप्पाराव म्हणाले. "कंत्राट व्यापाऱ्याला जाईल आन् वर्गाला दिलेल्या मशिनी सरकारजमा होतील."

त्या मशिनींवर आष्टीच्या बाया पहिल्यांदा स्वतःच्या कमाईचं लुगडं नेसल्या होत्या. आता मालनबाईच्या शहाणपणापायी त्यांच्या हातचं काम जाणार होतं.

तेवढ्यात बाळंतपणाच्या खोलीकडून सांडू नावाचा मेंढपाळ धावत आला. "बाई, जल्दी चला! बायकू लई वरडून राह्यली!"

उषाबाई ताडकन उठल्या. दवाखान्यातले जुने झगे नुकतेच धुऊन दोरीवर टाकलेले, सगळे ओलेचिंब. त्यांनी ढिगावरचा एक उचलला. "उकळलेत का?"

"व्हय बाई. उकळून, इस्तरी मारून आणलेत."

उषाबाईंनी वर्षानुवर्षांच्या सवयीनं दोन्ही हात पुढे करून बाह्यांत घातले आणि मालनबाईकडे पाठ केली. "बांधा नाड्या, लवकर."

मालनबाई बांधू लागली आणि मधेच थबकली. उघडी बाजू पाठीवरच तर होती! झगा उलटा घातला की झाला नमुन्यासारखा. तिला एकदम हसू फुटलं. ते पदरात दाबत तिनं गाठ अशी पक्की मारली, की उषाबाई म्हणाल्या, "अहो, श्वास घेऊ द्या."

थोड्या वेळानं आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. तीन पोरांच्या पाठीवर पोरगी झाली! सांडू नाचतच बाजारात गेला आणि पेढ्यांचा पुडा घेऊन आला. उषाबाई नुकत्याच बाहेर येऊन नळावर वाकून हात धूत होत्या. हात ओले, पेढा द्यायचा कुठं? समोर त्यांच्या पाठीवर रिकामा खिसा होता. सांडूनं अख्खा पुडा त्यात सोडला.

उषाबाई तशाच अप्पारावांपुढे जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. "सांगा, उघडी बाजू कुठं आहे?"

"पाठीमागं," अप्पाराव चाचरत म्हणाले. "पण बाई, हा खिसा..."

"अटीत खिसा लावू नये असं आहे?"

अप्पारावांनी कागद खालीवर पाहिला. तसं काही नव्हतं.

"मग माल घेतला. आणि माझे हात ओले आहेत, तेवढे पेढे काढून सगळ्यांना वाटा."

अप्पारावांनी निमूटपणे त्या खिशात हात घातला. आधी सांडूच्या हातावर पेढा ठेवला, मग मालनबाईच्या, मग एक स्वतःच्या तोंडात टाकला. मालनबाईला इतका आनंद झाला होता, की जीभ आवरेना.

"साहेब, म्होरच्या मालाला खिसा ठिवू का काढू?"

अप्पारावांचं तोंड भरलेलं होतं. त्यांनी दोन बोटं वर केली.

"दोन खिसे?" मालनबाईनं विचारलं.

साहेबांनी मान डोलावली.